पाच-पाच लाखांचा हट्ट सोडा

वाचक लिहितात:

"आमचं सहा एकर रान नदीपासून सगळ्यात लांब आहे. मधे गुरुजींचं दोन एकर आणि अगदी नदीकडेला माझ्या चुलत सासऱ्यांचं, आबांचं, चार एकर. तिघांनी मिळून नदीवरून पाइपलाइन करायचं ठरवलं. ठेकेदाराने पंधरा लाखांचं एस्टिमेट दिलंय. जॅकवेल (नदीकाठची उपसा विहीर), मोटर आणि आबांच्या रानापर्यंतची पाइप साडेचार लाख, तिथून गुरुजींच्या रानापर्यंत आणखी तीन लाख, आणि पुढे ओढा ओलांडून, रस्त्याखालून आमच्यापर्यंत साडेसात लाख. मिस्टर म्हणतात, तिघांचं काम आहे, पाच-पाच लाख काढा, विषय संपला. गुरुजी म्हणतात, एकरी पैसे लावा. आबा म्हणतात, 'माझ्या रानातनं पाइप नेताय, वाट देतोय हाच माझा वाटा, मी रुपया देणार नाही.' बैठक बसली की चहा होतो आणि मग भांडण होतं. न्याय्य वाटा कुठला? आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की पाळी कशी लावायची? मिस्टर पुण्यात नोकरीला, शेती मी बघते, त्यामुळे सगळ्यांचं ऐकून मलाच घ्यावं लागतं."

एक शेतकरी वाचक, वाळवा तालुका

ताई,

तुम्ही एस्टिमेटची फोड लिहून पाठवलीत हे फार बरं केलं. वाटणीबद्दलची बहुतेक पत्रं 'आमच्यावर अन्याय होतोय' या वाक्याने सुरू होतात आणि तिथेच संपतात. तुमच्या पत्रात आकडे आहेत, म्हणून उत्तरही आकड्यांनी देता येतं. ते गोड लागणार नाही, हे आधीच सांगते. तिघांच्या म्हणण्यांत सगळ्यात कच्चं म्हणणं तुमच्या मिस्टरांचं आहे. आणि सगळ्यात आडमुठं वाटणारं आबांचं म्हणणं हिशेबाच्या पहिल्या कसोटीला तिघांत एकटंच टिकतं.

ही कसोटी म्हणजे काय ते बघू. भांडण 'कोणी किती द्यायचे' यावर चाललंय. तो प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि दुसराच विचारा: कोण कोणाला वगळून काय करू शकतं? आबांनी एकट्यानेच पाइप केली तर त्यांना साडेचार लाख लागतील. गुरुजींनी एकट्याने केली तर साडेसात, कारण पाइप नदीपासूनच आणावी लागणार. तुम्ही एकट्याने केली तर पूर्ण पंधरा. आबा आणि गुरुजी दोघांनीच केली तर साडेसात. तुम्ही जोडीत असलात, मग जोडीदार आबा असोत की गुरुजी, खर्च पंधराच. आणि तिघांचा मिळूनही पंधरा. एवढी सात उत्तरं एका कागदावर लिहा. पुढचं बरंचसं भांडण हा कागदच मिटवतो.

आता मिस्टरांचे पाच-पाच लाख या कागदाशेजारी ठेवा. आबांना एकट्याने साडेचारांत पाणी मिळतं, तर ते पाच का देतील? त्याहून वाईट म्हणजे आबा आणि गुरुजी मिळून दहा लाख देणार, जिथे दोघांचं काम साडेसातात होतं. उद्या दोघं ओट्यावर बसून हा हिशेब करतील आणि तुम्हाला सोडून पाइप टाकतील. दोघांचे अडीच लाख वाचतील आणि तुमच्यापुढे पंधरा लाखांचं एस्टिमेट उरेल. ही पाइपलाइन एकत्र होण्याची सगळ्यात जास्त गरज तुम्हाला आहे, आणि ती मोडणारी मागणीही तुमच्याच घरातून होतेय.

गुरुजींचं 'एकरी' ऐकायला शहाणपणाचं वाटतं. बारा एकरांत पंधरा लाख, म्हणजे एकरी सव्वा लाख. आबांना पाच, गुरुजींना अडीच, तुम्हाला साडेसात. इथेही आबांच्या वाट्याला पुन्हा पाच लाखच आले, म्हणजे एकट्याने केलं असतं त्याहून पन्नास हजार जास्त. गुरुजींच्या नियमाला पाइपची लांबी दिसतच नाही. चार एकर नदीच्या काठावर असले काय आणि ओढ्यापलीकडे असले काय, त्या नियमाला दोन्ही सारखेच.

आणि आबांचा शून्य? समजा आबांनी एक पैसाही दिला नाही आणि पंधरा लाख तुम्ही नि गुरुजींनी मिळून भरले. आबांना वगळून तुम्हा दोघांना ही पाइप पंधरापेक्षा स्वस्तात करता येईल का? नाही. त्यांना बाहेर काढून तुमचं काही वाचत नाही, म्हणून त्यांचा शून्य खुपतो, पण जुळणी मोडत नाही. गुरुजींवर साडेसातांपेक्षा जास्त ओझं पडलं नाही म्हणजे झालं.

ज्या वाटणीत कुठल्याही एकट्याला किंवा कुठल्याही गटाला फुटून निघून स्वस्त पडत नाही, अशा सगळ्या वाटण्यांना मिळून गेम थिअरीत, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या माणसांच्या निर्णयांचा हिशेब मांडणाऱ्या गणितात, 'गाभा' म्हणतात. या शास्त्राचा पाया जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्ये घातला आणि पुढच्या दहा वर्षांत गाभ्याची कल्पना पुढे आली. पण कल्पनेला नाव मिळायच्या आधीच इंजिनियर लोक या नियमापाशी पोहोचले होते. अमेरिकेत १९३३ मध्ये टेनेसी खोऱ्यासाठी सरकारी प्राधिकरण स्थापन झालं. त्याची धरणं एकाच वेळी वीज, जलवाहतूक आणि पूरनियंत्रण अशा तीन कामांसाठी होती. धरण एक आणि खाती तीन, मग कुठल्या खात्यावर किती खर्च टाकायचा? तिथल्या हिशेबनिसांनी बऱ्याच पद्धती तपासल्या. त्यात एक अट होती, की एकट्यासाठी वेगळं धरण बांधायला जेवढा खर्च येईल त्याहून जास्त भार कुठल्याही खात्यावर पडू नये. तुमच्या आबांना हे कोणी शिकवलेलं नाही, पण त्यांच्या मनात हेच चाललंय.

तुमच्या बाबतीत गाभा काय सांगतो ते लिहून देते. आबांचा वाटा शून्य ते साडेचार लाख. आबा आणि गुरुजी मिळून जास्तीत जास्त साडेसात. त्यामुळे तुमचा वाटा कमीत कमी साडेसात लाख. गुरुजींच्या बांधापासून तुमच्या बांधापर्यंतची पाइप तुमच्याखेरीज कोणीच वापरणार नाही, ती तुमचीच. पाच लाखांचा विषय इथे संपतो. वाटाघाटीला जागा आहे ती नदीपासून गुरुजींपर्यंतच्या साडेसात लाखांत.

आता आबांच्या 'वाट'कडे येऊ. पाइप त्यांच्या रानातून जाणार आणि त्यांनी नाही म्हटलं तर सगळंच अडलं, अशी तुम्हा तिघांचीही समजूत दिसते. ती पूर्ण खरी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम ४९ नेमकं यासाठी आहे. शेतीसाठी पाण्याच्या उद्भवापासून आपल्या रानापर्यंत पाट किंवा पाइप न्यायची असेल आणि मधला शेजारी तयार नसेल, तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तहसीलदार चौकशी करून, शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल अशा जागेतून परवानगी देऊ शकतात. त्याबदल्यात शेजाऱ्याला नुकसानभरपाई आणि भाडं द्यावं लागतं, आणि जमिनीखालची पाइप अर्ध्या मीटरपेक्षा कमी खोलीवर टाकता येत नाही. पाटबंधारे विभागाची उपसा परवानगी आणि विजेचं कनेक्शन ही वेगळी कामं आहेत, ती काही चुकत नाहीत.

मी तुम्हाला आबांच्या विरोधात अर्ज करायला सांगत नाहीये. भावकीत पहिला कागद तहसीलला गेला की शेवटचा कागद कुठल्या कोर्टात जाईल ते सांगता येत नाही. पण कलम माहीत असलं की हिशेब बदलतो. आबांची संमती ही पंधरा लाखांची किल्ली राहत नाही. तिची किंमत चर खोदताना तुटणारा ऊस, अडकून पडणारी पट्टी आणि पुढे कधी दुरुस्तीला जेसीबी आला तर होणारी नासधूस एवढ्यापुरती उरते. ती किंमत आबांना जरूर द्या, पण पाइपच्या वाट्यात मिसळू नका. दोन्ही एकत्र केलं की आबांचा शून्य जन्माला येतो. वाट्याचा आकडा वेगळ्या ओळीत, वाटेच्या भरपाईचा वेगळ्या ओळीत. भरपाईचे पैसे त्यांच्या हातात तुम्ही आणि गुरुजींनी द्यायचे, कारण त्यांच्या रानातून पलीकडे पाइप तुमच्या दोघांसाठी जाते.

आता मुख्य प्रश्न. गाभ्यात असंख्य वाटण्या बसतात, मग त्यातली कुठली घ्यायची?

१९५३ मध्ये लॉइड शॅप्ली या तरुण अमेरिकन गणितज्ञाने याचं उत्तर दिलं. (पुढे २०१२ मध्ये त्यांना ॲल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळालं जोड्या जुळवण्याच्या कामासाठी, या सूत्रासाठी नव्हे. पण सूत्र जास्त गाजलं.) त्यांची युक्ती सोपी आहे. समजा तुम्ही तिघं एकामागोमाग एक या कामात सामील होता, आणि प्रत्येकाने आपल्या येण्यामुळे जेवढा खर्च वाढला तेवढाच द्यायचा. आधी आबा आले तर त्यांच्यावर साडेचार. मग गुरुजी आले, तीन लाखांनी खर्च वाढला, ते त्यांच्यावर. मग तुम्ही, साडेसात. पण आधी तुम्ही आलात तर? पंधराच्या पंधरा तुमच्यावर, आणि नंतर येणाऱ्या दोघांना पाइप फुकट. म्हणजे या पद्धतीत जो आधी येतो तो फसतो. मग कोण आधी यायचं हे कोणी ठरवायचं? शॅप्ली म्हणाले, कोणीच ठरवू नका. सगळे क्रम घ्या आणि सरासरी काढा.

तिघांचे क्रम सहा होतात. तुमच्या बाबतीत आबांवर दोन क्रमांत साडेचार-साडेचार येतात आणि चार क्रमांत शून्य. सरासरी दीड लाख. गुरुजींवर एकदा तीन, दोनदा साडेसात, उरलेल्या तीन वेळा काहीच नाही. सरासरी तीन लाख. तुमच्यावर तीनदा साडेसात, एकदा साडेदहा, दोनदा पंधरा. सरासरी साडेदहा लाख. तिन्हींची बेरीज बरोबर पंधरा.

हे सहा क्रम मांडत बसायचा कंटाळा आला तर एक आडवाट आहे, आणि ती बैठकीत समजावून सांगायला फार सोपी. पाइपचे तीन तुकडे करा. पहिला तुकडा तिघं वापरतात, म्हणून साडेचार भागिले तीन, प्रत्येकी दीड. दुसरा तुकडा दोघं वापरतात, म्हणून तीन भागिले दोन, गुरुजी नि तुम्ही प्रत्येकी दीड. तिसरा तुकडा फक्त तुमचा, साडेसात. बेरीज करा, तेच आकडे येतात: आबा दीड, गुरुजी तीन, तुम्ही साडेदहा.

दोन्ही मार्ग एकाच उत्तरापाशी पोहोचतात हे १९७३ मध्ये लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघांनी गणिताने सिद्ध केलं. त्यांच्यासमोर पाइप नव्हती, विमानतळाची धावपट्टी होती. छोट्या विमानाला आखूड धावपट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते, आणि सगळ्यांसाठी मिळून एकच लांब धावपट्टी बांधलेली असते. मग उतरण्याचं भाडं कोणाकडून किती घ्यायचं? धावपट्टीचा जो तुकडा जेवढी विमानं वापरतात, तेवढ्यांत त्या तुकड्याचा खर्च वाटायचा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विमानतळावर १९६८-६९ मध्ये उतरलेल्या विमानांचे आकडे घेऊन हा हिशेब पुढे करूनही पाहिला गेला. तुमचं सहा एकर रान म्हणजे त्या धावपट्टीवरचं सगळ्यात मोठं विमान.

साडेदहा लाख ऐकून तुम्ही पत्र खाली ठेवलं असेल. पुन्हा उचला. एकट्याने पंधरा लागले असते, म्हणजे तुमचे साडेचार लाख वाचतात. गुरुजींचे साडेसाताचे तीन होतात, त्यांचेही साडेचार वाचतात. आबांचे साडेचाराचे दीड होतात, तीन लाख वाचतात. तुमच्या वाट्याला सगळ्यात मोठा खर्च आला तरी बचतीत तुम्ही कोणाच्या मागे नाही. मिस्टरांना फोनवर हे सांगताना खर्चाचा आकडा आधी सांगू नका, बचतीचा सांगा. पगारदार माणसाला 'आपल्याला दुप्पट पडतंय' एवढंच ऐकू येतं.

याहून थोडी वेगळी वाटणीही निघते. १९६९ मध्ये डेव्हिड श्मायडलर यांनी असा नियम सुचवला की ज्या गटाला एकत्र येण्यातून सगळ्यात कमी फायदा होतोय, त्याचा फायदा शक्य तेवढा वाढवायचा, मग त्याच्या पुढच्याचा, मग त्याच्याही पुढच्याचा. तुमचा हिशेब त्या नियमाने केला तर आबा सव्वादोन लाख, गुरुजी दोन लाख साडेबासष्ट हजार आणि तुम्ही दहा लाख साडेबारा हजार. तुमच्या दृष्टीने फरक साडेसदतीस हजारांचा. गणितवाले या दोन उत्तरांवर वर्षानुवर्षं वाद घालू शकतात. तुम्ही घालू नका. मला विचाराल तर तुकड्यातुकड्याची वाटणीच धरा, कारण ती ज्याला समजवायची त्याला ती जमिनीवर बोट ठेवून दाखवता येते. 'सगळ्यात नाराज गटाची नाराजी कमी केली' हे आबांना सांगायला जाल तर आबा विचारतील, नाराज कोण आहे? फार तर आबांचे दोन, गुरुजींचे तीन, तुमचे दहा असं गोल करून मागा. तेही गाभ्यात बसतं.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती तुम्ही लगेच तपासायला हवी. ठेकेदाराचा साडेचार लाखांचा पहिला तुकडा बारा एकरांच्या पाण्याच्या मापाचा आहे की फक्त आबांच्या चार एकरांच्या? माझा अंदाज, बाराच्या. आबांना एकट्यालाच पाणी न्यायचं असतं तर कमी एचपीची मोटर आणि बारीक पाइप पुरली असती, आणि एकट्याचा खर्च साडेचारापेक्षा कमी आला असता. मग वरचा कागद बदलतो. मोटर मोठी लागली ती मुख्यतः तुमच्या सहा एकरांमुळे आणि तुमच्या अंतरामुळे. ते जास्तीचे पैसे आबांवर टाकता येणार नाहीत, आणि टाकू गेलात तर आबा पाइपच्या दुकानात जाऊन स्वतःचं एस्टिमेट घेऊन येतील. तेव्हा ठेकेदाराला सांगा की एक एस्टिमेट नको, सात द्या: तिघांची एकेकट्याची, तीन जोड्यांची, आणि एकत्र एक. तो कुरकुर करेल. कामाची ऑर्डर मिळणार असेल तर तरीही देईल. सात आकडे हातात आले की सहा क्रमांची सरासरी पुन्हा काढा. तुकड्यांचा सोपा मार्ग अशा वेळी थेट लागू पडत नाही, क्रमांचा पडतो.

सूत्राला काय दिसत नाही तेही सांगायला हवं. त्याला फक्त खर्च दिसतो, माणूस दिसत नाही. गुरुजींच्या पेन्शनवर घर चालतं की त्या दोन एकरांवर, तुमच्यावर सोसायटीचं किती कर्ज आहे, यातलं काहीच त्याला कळत नाही. ही उणीव खरी आहे, आणि महाराष्ट्रातच तिला दिलेलं एक मोठं उत्तर आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर ठरवला नाही, माणसांवर ठरवला. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, उसाला बंदी, आणि भूमिहीनांनाही पाण्यावर हक्क. तिथे शॅप्लींचं सूत्र लावलं असतं तर उत्तर अगदी वेगळं आलं असतं, आणि माझ्या मते चुकीचं आलं असतं. कारण तिथे सवाल एका गावाच्या पाण्यावर कोणाचा हक्क, हा होता. तुमच्याकडे तिघं जमीनमालक आपापल्या पैशाने पाइप टाकताहेत आणि सवाल खर्चाचा आहे. न्यायाचा नियम शोधताना आधी हे ठरवावं लागतं की वाटायचं काय आहे.

म्हणूनच तुमचा दुसरा प्रश्न, उन्हाळ्यातल्या पाळीचा, वेगळ्या नियमाने सोडवावा लागेल. पाइपच्या पैशाचा वाटा आणि पाण्याचा वाटा एकमेकांत गुंतवू नका. 'मी साडेदहा दिले, म्हणजे सत्तर टक्के पाणी माझं' असं तुमच्या घरातून कोणी म्हणालं तर आबा मोटरचा स्टार्टर काढून घरी नेतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही. जास्तीचे पैसे लांबच्या पाइपचे आहेत, जास्तीच्या पाण्याचे नाहीत.

नेहमीच्या दिवसांत एकरी तास लावा, इथे गुरुजींचा नियम शोभून दिसतो. चार, दोन, सहा एकर म्हणजे वीज मिळेल त्या दर चोवीस तासांमागे आठ, चार, बारा तास. लाइट बिल मात्र मीटरच्या रीडिंगवर ज्याच्या त्याच्या पाळीचं ज्याने त्याने. प्रश्न उरतो तो मे महिन्याचा, नदीचं पात्र आत सरकतं तेव्हाचा.

अशा टंचाईच्या वाटणीवर ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात एक विचित्र कोष्टक आहे. एक माणूस मरतो. त्याच्या तीन बायकांना करारानुसार १००, २०० आणि ३०० मिळायचे असतात, पण मागे तेवढी संपत्ती नसते. ग्रंथ सांगतो: मालमत्ता १०० असेल तर तिघींना सारखं. ३०० असेल तर ५०, १००, १५०, म्हणजे दाव्यांच्या प्रमाणात. आणि २०० असेल तर ५०, ७५, ७५. पहिलं समान, दुसरं प्रमाणात, तिसरं ना हे ना ते. विद्वान शतकानुशतकं यावर डोकं धरून बसले. १९८५ मध्ये रॉबर्ट ऑमन आणि मायकल मॅश्लर यांनी दाखवलं की तिन्ही उत्तरांमागे नियम एकच आहे, आणि तो श्मायडलर यांच्या नियमाशी तंतोतंत जुळतो. वर ज्याने तुमचे साडेसदतीस हजार वाचत होते, तोच.

त्यातला तुमच्या कामाचा भाग एवढाच: वाटायला फारच थोडं असेल तेव्हा मोठ्या दावेदाराला मोठा वाटा मिळत नाही, सगळ्यांना सारखं मिळतं. जसजसं वाटायचं वाढत जातं तसतसा दाव्याचा आकार मोजला जातो. तुम्ही लेखी असं ठरवा: पाणी अगदीच तळाला गेलं की आधी तिघांना सारखे तास, जनावरांपुरतं आणि उभं पीक मरू नये एवढं. त्यावर जे तास उरतील ते एकरी. तुमचे सहा एकर आहेत, म्हणजे टंचाईत तुमचंच सगळ्यात जास्त नुकसान दिसेल. ते टाळायचा उपाय पाळीत नाही, लागणीत आहे.

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत चालायची, तिथे हे फार नीट ओळखलं होतं. बंधाऱ्याखालचं लाभक्षेत्र फडांत विभागलेलं असे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी देणारी माणसं शेतकऱ्यांनी मिळून नेमलेली. जमीन बहुतेकांची वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असे, त्यामुळे पाणी कमी आहे म्हणून एखादा फड पडीक ठेवला तरी झळ सगळ्यांना बसे. तुम्ही तिघं फड पाडू शकत नाही, पण लागणीच्या आधी बसून ठरवू शकता की प्रत्येकाने आपल्या रानाचा किती हिस्सा उसाखाली ठेवायचा. हिस्सा तिघांचा सारखा. आबांनी चारही एकर ऊस लावला, गुरुजींनी भाजीपाला केला आणि तुम्ही सहातले पाच एकर ऊस लावले, तर मे महिन्यात कुठलाच गणितज्ञ तुम्हाला वाचवणार नाही.

करार लिहिताना आणखी काही गोष्टी घाला. दुरुस्तीचा नियम पाइपच्याच नियमाने: पहिल्या तुकड्यात आणि मोटरवर खर्च झाला तर तिघांत, दुसऱ्यात झाला तर दोघांत, ओढ्याखालची पाइप फुटली तर तुम्ही एकट्या. दुसरं, तुमच्या नि गुरुजींच्या मधल्या एखाद्या शेतकऱ्याने पाच वर्षांनी कनेक्शन मागितलं तर काय? मागणार हे नक्की, पाणी येताना दिसलं की सगळ्यांना पाइप आठवते. तेव्हा त्याने पहिल्या तुकड्याचा चौथा हिस्सा, दुसऱ्याचा तिसरा हिस्सा आणि तिसऱ्या तुकड्यातला त्याच्या बांधापर्यंत जेवढा भाग येईल त्याचा निम्मा खर्च भरायचा. हे पैसे आधी भरलेल्यांना परत मिळायचे, म्हणजे सगळ्यात जास्त तुम्हाला. साडेदहा लाख भरणाऱ्याने ही ओळ विसरू नये. तिसरं, वारस. आबांचं वय बघता त्यांच्या मुलांच्या सह्या आत्ताच घ्या. आणि पाइपच्या हक्काची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कशी घालता येईल ते तलाठी कार्यालयात विचारून घ्या.

आता हे सांगायला कोणाकडे आधी जायचं? गुरुजींकडे. त्यांचा एकरी हिशेब अडीच लाखांचा होता आणि आता तुम्ही तीन सांगणार, तेव्हा ते आधी तोंड वाकडं करतील. त्यांना तो सात ओळींचा कागद द्या आणि आबांच्या नावापुढे एकरी हिशेबाने काय येतं ते त्यांनाच काढू द्या. पाच लाखांचा आकडा त्यांनी स्वतः काढला की आबा का रुसलेत हे त्यांना तुम्ही सांगायची गरज राहणार नाही. मग दोघं मिळून आबांकडे जा. मिस्टरांना शनिवार-रविवारी बोलावून घ्या, पण तुमच्या घरचा आकडा तुम्हीच बोला, आणि सगळ्यात आधी बोला: 'आम्ही साडेदहा देतो.' सगळ्यात मोठा वाटा उचलणारा माणूस पहिल्यांदा बोलला की बैठकीचा सूर बदलतो. त्यानंतर आबांच्या वाटेची भरपाई, वेगळ्या ओळीत. आणि त्यानंतर त्यांचे दीड लाख.

आबांचा ऊस कारखान्याला गेला की त्यांच्या रानात चर खोदायला घ्या. उभ्या उसात जेसीबी घालायची वेळ आणली तर भरपाईचा आकडा मी वर लिहिलेल्या कुठल्याच नियमात बसणार नाही.